तेवीस नगांची यादी

“सूनबाई, ही गाडी लवकर पुरी होऊ देऊ नगा.”

लतीफ वस्ताद हे बोलले तेव्हा मी चुन्याच्या रेघेच्या अलीकडे उभी होते. कडेवर ईरा, दुसऱ्या हातात चहाची किटली. वस्ताद ट्रकखालून कमरेपर्यंत बाहेर आले होते आणि तोंडावरचं काळं तेल बाहीला पुसत होते. नाना, म्हणजे माझे सासरे, बादली घेऊन आडावर गेले होते. ते ऐकण्याच्या टप्प्यात नाहीत हे बघूनच वस्ताद बोलले होते, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं.

“का हो?” मी विचारलं.

“काम चालू हाय तवर नानांचं बरं चाललंय. संपलं की जरा ध्यान ठेवा त्यांच्याकडं. मी बघितलंय एकाला असं...”

तेवढ्यात नाना बादली घेऊन आले आणि वस्ताद पुन्हा गाडीखाली सरकले. मी बरं म्हटलं, रेघेवर वाकून कप ठेवले आणि घरात आले. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला आमच्या घरचा चहा मानवलाय. मेकॅनिकला काम कधी उरकायचं असतं का? आणि खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष ईराच्या मुठीत काय आहे याकडे होतं. नट होता. तो तिच्या मुठीतून सोडवण्यात वस्तादांचं बोलणं मागे पडलं.

चिंचखोरी हे आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कालव्याच्या खाली. घरटी एक माणूस फौजेत. माझा नवरा सुजय तेव्हा पूर्वेकडच्या सरहद्दीवर होता, आठवड्यातून एकदा रेंज मिळायची. सासूबाई आदल्या दिवाळीत गेल्या होत्या. त्यानंतर मी कोल्हापुरातली नोकरी सोडून अडीच वर्षांच्या ईराला घेऊन गावी राहायला आले, नानांना सोबत म्हणून. नाना नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सगळी नोकरी फौजेच्या गाड्यांवर. सासूबाई गेल्यावर ते सकाळी अंघोळ करून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे आणि संध्याकाळी तसेच उठायचे. शर्टाला एक सुरकुती पडलेली नसायची. मला ते शिस्तीचं वाटायचं.

मे महिन्यात गावाने स्मारक बांधायचं ठरवलं. गावाबाहेरच्या खडी क्रशरवर चौदा वर्षं एक जुना मिलिटरी डिझेल ट्रक बेवारस उभा होता. क्रशरवाल्याने तो लष्कराच्या लिलावात घेतला होता, दोन-तीन वर्षं दगड वाहिले आणि सोडून दिला. त्याने तो स्मारकाला दिला. चौथऱ्यावर ठेवायचा तर नुसता रंग देऊनही चालला असता. पण नाना ग्रामपंचायतीत उठून म्हणाले, की फौजेची गाडी ओढून नेत नाहीत. ती स्वतःच्या पायाने चौथऱ्यावर चढेल.

दोन ट्रॅक्टर लावून ट्रक आमच्या खळ्यात आणला. टायर चपटे, टपावर पिंपळाचं रोप, इंजिनाची हवा गाळायच्या डब्यात उंदरांचं घरटं. मी त्याच दिवशी चुना आणला आणि ट्रकभोवती पाच पावलांवर गोल रेघ मारली. ईराने ती ओलांडायची नाही. पत्र्याच्या कडा, बॅटरीचं ॲसिड, जुन्या रंगाची भुकटी. माझ्याकडे या सगळ्याची यादी होती, आणि रात्री झोप लागेपर्यंत मी ती वाढवत असायचे. नाना माझ्या रेघेला हसले नाहीत. पावसाने ती पुसली की स्वतः पुन्हा मारायचे. “फौजेत गाड्यांच्या आवारात मुलाबाळांना बंदीच असते,” ते म्हणाले. “तू बरोबर केलंस.”

वस्ताद रोज सकाळी मोपेडवरून यायचे. लतीफ मुलाणी हे त्यांचं नाव, पण गावात कुणी ते घेत नसे. ते आणि नाना लहानपणापासूनचे, एकमेकांना अरे-तुरे करायचे आणि दिवसभर भांडायचे. टाकीतून निघालेलं डिझेल काकवीसारखं दाट आणि आंबूस वासाचं होतं. इंजिन जाम होतं. वस्तादांनी नोझल काढून त्या भोकांतून आत तेल सोडलं आणि सांगितलं, आता पंधरा दिवस हात लावायचा नाही. नानांना ते पंधरा दिवस काढवले नाहीत. रोज जाऊन लांब पहार लावून बघायचे. वस्ताद त्यांना लहानपणच्या नावाने हाक मारून म्हणायचे, “रंग्या, बायकोची नाडी बघतोयस का? सांगितलं ना, झोपू दे तिला.” सतराव्या दिवशी पहार बोटभर हलली. नानांनी मला हाक मारून बाहेर बोलावलं, फक्त ते बोटभर दाखवायला.

त्या दिवसापासून ते जेवायला लागले. म्हणजे आधीही जेवत होते, पण आता भाकरी मागून घ्यायला लागले.

रंग खरवडताना क्रशरवाल्याचा पिवळा थर निघाला, त्याखाली हिरवा आणि दारावर जुना नंबर, पुढे तो वर बोट दाखवणारा फौजी बाण. नानांनी तेवढा तुकडा तसाच ठेवला. संध्याकाळी काम संपलं की ते गाडीभोवती एक फेरी मारायचे, चाकांना ठोकळे लावायचे आणि रेघेपाशी येऊन ईरासमोर ताठ उभे राहायचे. गाडी ठीक, सामान ठीक, असा रिपोर्ट द्यायचे. ईरा मान हलवायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे, तिचे हात कुठे आहेत ते.

वस्तादांना ईराचा फार लळा. पण त्यांचे हात नखांपर्यंत काळे, म्हणून मी तिला त्यांच्याकडे कधी दिलं नाही. ते हात पुढे करायचे आणि माझा चेहरा बघून आपसूक मागे घ्यायचे. “राहू द्या,” म्हणायचे, “गाडी झाली की साबणानं आंघूळ करून येतो.”

ऑक्टोबरच्या शेवटी गाडी पहिल्यांदा चालू करायची ठरली. नाना आत बसले. वस्ताद पुढे, इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी, हातात फळी आणि तिला गुंडाळलेलं ओलं गोणपाट. मी दारातून विचारलं, ते कशाला? वस्ताद म्हणाले, इतकी वर्षं बसलेलं डिझेल इंजिन कधीकधी सुटतं. आत डिझेल सोडणारी दांडी अडकली, की चावी बंद करा नाहीतर आणखी काही करा, ते थांबत नाही, फुटेपर्यंत पळतं. मग त्याचा श्वास कोंडायचा, दुसरा इलाज नाही. हे सगळं त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं, माझी गंमत करताहेत.

तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. काळ्या धुराचा लोट निघाला. नाना हसले, मला नीट आठवतंय. आणि मग आवाज चढायला लागला. चढतच गेला. खिडक्यांची तावदानं थरथरली, ट्रक जागच्या जागी हलायला लागला, ठोकळे सरकले. नानांनी बंद करायचा दांडा ओढला, पुन्हा ओढला. काही झालं नाही. मी ईराला छातीशी धरून भिंतीला चिकटले होते आणि तिथून मला नानांचा चेहरा दिसत होता. ते दांडा हातात धरून समोर बघत होते. हात थांबला होता. इतकी वर्षं डोंगरांत गाड्या चालवलेला माणूस, आणि पुढे काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

वस्तादांनी फळी तोंडावर दाबली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. इंजिन गुदमरलं, दोनदा आचके दिले आणि बंद पडलं. मग वस्ताद म्हणाले, “पंप परत खोलावा लागंल.” नाना खाली उतरले. पाय टेकताना त्यांनी दाराला धरलं.

पंप खोलला, अडकलेली दांडी साफ केली, आणि पुढच्या वेळेपासून गाडी शहाण्यासारखी चालू व्हायला आणि बंद पडायला लागली. पण माझ्या डोळ्यांसमोरून तो थांबलेला हात जाईना. सव्वीस जानेवारीला ट्रक आमच्या खळ्यातून स्मारकापर्यंत जाणार होता. एक किलोमीटर, दोन्ही बाजूंना शाळेची मुलं झेंडे घेऊन उभी. आणि चालवणार नाना.

डिसेंबरात एक दिवस मी सरपंच कल्पनाताईंकडे गेले. नानांचं वय एक्काहत्तर आहे, लायसन संपलंय, रस्त्यावर मुलं असतील, असं सगळं नीट मांडून सांगितलं. गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवली तर बरं. आणि मी आले होते हे नानांना कळू देऊ नका. कल्पनाताई म्हणाल्या, तू बोललीस ते बरं झालं, माझ्याही मनात होतंच. मी घरी आले आणि कित्येक महिन्यांनी त्या रात्री मला गाढ झोप लागली.

पंचवीस तारखेला पंचायतीचा निरोप आला, की गाडी टेंपोवाला संपत चालवणार. नानांनी निरोप उभ्याने ऐकला. म्हणाले, ठीक आहे. मग संपतला बोलावून दोन तास गाडी समजावून दिली, कुठल्या गिअरला जरा थांबावं लागतं, ब्रेक किती आधी दाबायचा.

सव्वीसला नाना गणवेशातला जुना कोट घालून, पदकं लावून ट्रकच्या पुढे चालले. चौथऱ्याच्या उताराशी ते वळले आणि उलटं चालत, दोन्ही हातांनी खुणा करत त्यांनी गाडी वर घेतली. इंचाचाही फरक नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ईराने पण वाजवल्या. भाषणं झाल्यावर वस्तादांनी टाकीतलं डिझेल काढून घेतलं, बॅटरी उतरवली. ती गाडी आता पुन्हा चालू व्हायची नव्हती. आठ महिने दोन म्हातारे तिच्यावर राबले, ते या एका किलोमीटरसाठी, हे माझ्या त्याच वेळी ध्यानात आलं. पण ऊन फार होतं आणि ईराने टोपी काढून फेकली होती.

अठ्ठावीसच्या सकाळी नाना रेघांची वही घेऊन स्वयंपाकघरात आले.

“केतकी, जरा वेळ आहे का? हँडिंग-टेकिंग करून टाकू.”

फौजी घरात या शब्दाचं काही वाटत नाही. ड्यूटीवरून निघताना फौजी माणूस आपल्या ताब्यातली एकेक वस्तू दाखवून पुढच्याच्या हवाली करतो आणि त्याची सही घेतो. सुजयसुद्धा रजा संपून निघताना मला असंच करायला लावायचा. सिलिंडर कधी लावला, इन्व्हर्टरचं पाणी कधी भरायचं, आणि खाली सही. मी चेष्टेने साहेब म्हणून सलाम ठोकायचे.

नानांच्या यादीत तेवीस नग होते. सुवाच्य अक्षर, डावीकडे वस्तू, उजवीकडे सहीची जागा. आम्ही घरभर फिरलो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर, त्याचं बटण दाबून धरायचं, लगेच सोडायचं नाही. मीटरच्या पेटीची किल्ली. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सासूबाईंची लुगडी, वर्षातून एकदा ऊन दाखवायचं. म्हशीच्या डॉक्टरचा नंबर. शेताचे उतारे. ईराचं लसीचं कार्ड सुद्धा त्यांच्याकडे होतं. मी ते दोन महिने शोधत होते. त्यांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं, पुढच्या लशीच्या तारखेवर पेन्सिलीने खूण करून.

मला काय वाटलं ते सांगायला आजही जड जातं. मला आनंद झाला. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि या घराने मला पहिल्यांदा आपल्या किल्ल्या दिल्या असं वाटलं. ईरा पदर ओढत होती, दूध उतू जायला आलं होतं. तेविसावा नग होता ‘वैयक्तिक सामान, डबा एक’. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यांनी तो कपाटात वरच्या फळीवर ठेवला. उघडला नाही आणि मीही उघडा म्हटलं नाही. ओट्यावर वही ठेवून तेवीस सह्या केल्या. नानांनी त्या सगळ्या बघितल्या. म्हणाले, “तू हुशार आहेस. सुजयचं काही अडणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवले, ताट धुऊन ठेवलं. ईरा झोपली होती. तिच्या केसांवरून त्यांनी हात फिरवला आणि जरा फिरून येतो म्हणाले. मी भांडी घासत होते, मान वर न करताच हो म्हटलं.

लसीचं कार्ड कपाटात ठेवावं म्हणून मी वरची फळी उघडली. डबा हाताला लागला. म्हटलं, यातच ठेवू. झाकण काढलं.

आत त्यांचा चष्मा होता. घड्याळ. माजी सैनिकाचं ओळखपत्र. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या, एकही गोळी काढलेली नाही.

चष्म्याशिवाय नानांना ताटातली भाजी दिसत नसे. मी तो हातात धरून उभी राहिले. काल सह्या तपासताना तो त्यांच्या डोळ्यांवर होता, म्हणजे रात्रीतून डब्यात ठेवलेला. सकाळपासून ते चष्म्याशिवाय घरात वावरत होते आणि मी सकाळपासून त्यांच्यासमोर होते.

ईराला तसंच झोपेतून उचललं आणि अनवाणी पळत सुटले. फाट्यावर वस्ताद एका मोटरसायकलची चेन लावत बसले होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, “नाना आत्ताच वर गेला, कालव्याकडं. हाक मारली तर बघितलं बी न्हाय.” मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली चेन खाली पडली.

जानेवारीत रब्बीच्या पिकांना पाण्याचं आवर्तन सुटतं. कालवा काठोकाठ वाहत असतो, पाण्याला आवाज नसतो इतका जोर असतो. ईराला घेऊन तिथे जायची माझी छाती नव्हती आणि तिला सोडून जायची तर त्याहून नव्हती. वस्ताद उठून माझ्याबरोबर निघाले, पण त्यांचा गुडघा दुखरा, चढावर ते मागे पडणार हे दोघांनाही दिसत होतं. मी ईरा त्यांच्या हातात दिली. ते तेलाचे हात तिच्या पांढऱ्या फ्रॉकभोवती बसले. वळून बघितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्याकडे पाठ करून पळाले.

नाना दगडी पायऱ्यांवर बसले होते, पाण्यापासून तिसऱ्या पायरीवर. बूट शेजारी काढून ठेवलेले, टाचेला टाच लावून, लेस आत खोचलेल्या. हात मांडीवर. मी दहा पावलांवर थांबले. ओरडले असते तर काय झालं असतं मला माहीत नाही. जवळ गेले असते तरी माहीत नाही. त्यांच्यात आणि पाण्यात दोन पायऱ्या होत्या. दम खाली बसेपर्यंत उभी राहिले, आणि तोंडातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

“नाना, हँडिंग-टेकिंगमध्ये गडबड आहे.”

ते वळले नाहीत. पाण्याकडे बघतच म्हणाले, “कसली?”

“एक नग जुळत नाही.”

“कुठला?”

मला एकही आठवेना. “सात नंबर,” मी म्हटलं. “मोटारीचा स्टार्टर. तुम्ही दाखवला. मी चालवून बघितला नाही.”

“सही केलीस.”

“न बघता केली.”

आता ते वळले. चष्मा नसल्यामुळे मी त्यांना नुसती एक आकृती दिसत असेन.

“न बघता?”

“हो. तेवीसच्या तेवीस. डबा तर उघडून पण बघितला नाही.”

नानांचा चेहरा लाल झाला. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. न बघता सही करतात का? अशाने माणसं जातात, ते म्हणाले. चाकाचा नट बघितला म्हणून पोरगा सही करतो आणि गाडी दरीत जाते. शिकलेली ना तू? ते बोलत राहिले.

“सही रद्द करायची,” मी म्हटलं. “परत घ्या, पहिल्यापासून. नग जुळल्याशिवाय देणाऱ्याला जाता येत नाही. सुजयनेच मला सांगितलंय.”

त्यांनी पाण्याकडे बघितलं. मग बुटाकडे हात नेला. चष्म्याशिवाय त्यांना लेस सापडत नव्हती. मी पायऱ्या उतरून त्यांच्याखाली, पाण्याच्या बाजूला बसले आणि त्यांना बूट घातले. लेसना दुहेरी गाठ मारली.

उतरताना मी त्यांच्या दंडाला धरलं होतं. अर्ध्या वाटेवर सांगून टाकलं, की सरपंचताईंकडे मीच गेले होते. गाडी तुम्हाला चालवू देऊ नका म्हणून.

“माहीत आहे.”

“कल्पनाताईंनी सांगितलं?”

“कुणी नाही. इंजिन सुटलं तेव्हा तू भिंतीपाशी होतीस. तू बघितलंस मला.” ते थांबले. “तू केलंस ते बरोबर होतं, केतकी. कुणी चूक केली असती तर मी भांडलो असतो.”

खाली फाट्यावर वस्ताद दगडावर बसले होते, ईरा त्यांच्या मांडीवर. तिच्या फ्रॉकवर, गालावर, सगळीकडे काळी बोटं. नानांना बघून वस्ताद सरकले आणि दगडावर जागा करून दिली. दोघे म्हातारे कितीतरी वेळ शेजारी शेजारी बसून होते आणि मी रस्त्यात उभी राहून रडत होते, कारण आता रडलेलं चाललं असतं.

त्याच आठवड्यात सुजय रजा काढून आला. साताऱ्याच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, त्या मी स्वतः हातावर द्यायचे. वस्तादांनी कुठूनतरी बंद पडलेलं, पाणी ओढायचं डिझेल इंजिन आणून खळ्यात टाकलं आणि नानांना म्हणाले, तुझ्याच्यानं हे होतंय का बघ. ते झालं तर दुसरं आणलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नाना वही काढायचे आणि आम्ही घरभर फिरायचो. मी प्रत्येक वेळी काहीतरी खोट काढायचे. किल्ली कडक फिरते, पेटीत कसर लागलीय, उताऱ्यावरची तारीख नीट दिसत नाही. त्यांना कळत होतं. एकदा म्हणाले, “तुझी सही काही मिळत नाही बाबा.” तीन वर्षं ती मिळाली नाही. चौथ्या वर्षीच्या थंडीत ते तापाने गेले, घरात, आपल्या खाटेवर, सगळे जवळ असताना. त्या पहिल्या, खोडलेल्या सह्यांनंतर वहीतली उजवी बाजू कोरी होती.

ईरा आता नऊ वर्षांची आहे. मी अजूनही तिच्या मुठीत काय आहे ते बघते. फक्त आता बघून झालं की मान वर करते आणि घरात आणखी कोण कुठे आहे तेही बघते.

हे वाचताना तुम्हाला कुणी आठवलं असेल. गेल्या आठवड्यात ज्याने विनाकारण एखादी किल्ली तुमच्या हातात दिली असेल, किंवा कागद कुठे आहेत ते समजावून सांगितलं असेल, आणि तुम्हाला वाटलं असेल, किती व्यवस्थित माणूस आहे. त्याला फोन करू नका, फोनवर सगळेच बरे असतात. तो जवळ राहत असेल तर आत्ता उठा. लांब असेल तर त्याच्या शेजारच्याला पाठवा, आणि मग निघा. काहीतरी निमित्त काढा, काहीही चालेल. पण जाऊन त्याला बघून या.